म्युनिकजवळील सेंद्रिय भाजीशेत : स्वयंसेवी कामाच्या नोंदी (मार्च ते नोव्हेंबर २०२४)

२ मार्च, शनिवार

या हंगामात मी ज्या शेतावर स्वयंसेवक म्हणून काम करणार आहे, ते म्युनिकच्या उत्तरेला, डाखाऊ जिल्ह्यातील चढउताराच्या जमिनीवर असलेले दोन-अडीच हेक्टरांचे सेंद्रिय भाजीशेत आहे. जमीन एका शेतकरी कुटुंबाची असली, तरी वर्षाचा खर्च सभासद उचलतात. बियाणे, डिझेल, दुरुस्ती आणि कामगारांचे पगार धरून निघणारा अंदाज हिवाळ्यातील सभेत मांडला जातो, प्रत्येक सभासद आपल्या ऐपतीप्रमाणे महिन्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून देतो आणि बेरीज पुरली नाही तर दुसरी फेरी होते. पुढे वर्षभर जे पिकेल ते दर आठवड्याला पेट्यांतून वाटले जाते आणि जे बुडेल ते सर्वांचे मिळून बुडते. जर्मनीत या पद्धतीची सुरुवात १९८८ मध्ये हांबुर्गजवळच्या बुशबेर्गहोफ या शेतावर झाली. जपानमध्ये ‘तेइकेई’ या नावाने असे शेतकरी-ग्राहक करार १९७०च्या दशकातच रुजले होते.

सभासदांनी हंगामात अधूनमधून शेतावर येऊन काम करावे अशी अपेक्षा आहे, सक्ती नाही. सारे नोकरदार असल्यामुळे हे काम शनिवारी ठेवलेले आहे. माझ्या नोंदींचा हेतू मर्यादित आहे : शनिवारी येणाऱ्या अर्धप्रशिक्षित हातांचा शेताला नेमका कोणत्या कामात उपयोग होतो आणि कोणत्या कामात होत नाही, हे हंगामभर पाहून लिहून ठेवणे. स्वयंसेवेविषयीच्या लिखाणात मातीचा सुगंध पुष्कळ असतो, कामाचा हिशेब मात्र क्वचितच असतो.

आज बंदिस्त प्लास्टिकगृहात लीक (कांद्याच्या कुळातील जाड दांड्याची भाजी) आणि कोबीवर्गीय पिकांचे बी ट्रेमध्ये पेरले. बाहेरची माती अजून थंड आणि चिकट आहे.

२३ मार्च, शनिवार

कांदा लावला. येथे रोपांऐवजी मागच्या वर्षी मुद्दाम लहान ठेवलेले गोटीएवढे कांदे लावण्याची पद्धत आहे. टोक वर, मुळाची बाजू खाली, दोन कांद्यांत हाताच्या चार बोटांचे अंतर; एवढे सांगितले की कोणीही नवखा माणूस हे काम नीट करू शकतो. पंधरा-वीस जणांनी मिळून कांद्याचे सारे वाफे दुपारच्या जेवणापूर्वी संपवले. हे काम शनिवारसाठीच जन्माला आले आहे असे म्हणावे लागेल, कारण ते दोन दिवस अलीकडे किंवा पलीकडे झाल्याने काही बिघडत नाही.

माझे आजोळ निफाड तालुक्यातील असल्याने जेवताना कांद्यावर बरेच प्रश्न आले. नाशिककडचे बी येथे आणून लावले तर काय होईल, असे एकाने विचारले. कांद्याचा गड्डा धरण्याची वेळ दिवसाच्या लांबीवर ठरते. आपल्याकडच्या जातींना, उदाहरणार्थ रब्बीत लावल्या जाणाऱ्या एन-२-४-१ ला, अकरा-बारा तासांचा दिवस पुरतो. येथे ४८ अक्षांशावर मार्चअखेरीसच दिवस बारा तासांपलीकडे जातो आणि जूनमध्ये तो सोळा तासांचा होतो. म्हणजे आपला कांदा पात पुरती वाढण्याआधीच गड्डा धरू लागेल आणि हाती लिंबाएवढेही काही लागणार नाही. येथील जातींना गड्डा धरायला चौदा तासांहून मोठा दिवस लागतो, त्यामुळे त्या महाराष्ट्रात नुसती पात वाढवत बसतील.

२७ एप्रिल, शनिवार

महिन्याच्या सुरुवातीला लोक उन्हाळी कपड्यांत फिरत होते आणि गेल्या आठवड्यात बर्फ पडून सलग काही रात्री पारा शून्याखाली गेला. सफरचंद आणि द्राक्षांच्या बागाईतदारांचे या गारठ्यात मोठे नुकसान झाले. आमच्याकडे कोहळराबी (नवलकोल) आणि सॅलडची रोपे पांढऱ्या विणविरहित कापडाखाली झाकलेली असल्याने बचावली. हे कापड त्या रात्री घालण्यासाठी शेतावर कायम असणारे तीन पगारी कामगार सोमवारी उशिरापर्यंत राबले. सभासदांपैकी तेथे कोणी नव्हते. सोमवारी कोण असणार?

आज गाजराच्या वाफ्यांची पूर्वतयारी झाली. मुख्य पेरणी मे महिन्यात असली, तरी वाफे आत्ताच बारीक भुसभुशीत करून मोकळे सोडले आहेत. तणाला वाटावे की आपल्यासाठीच जागा तयार झाली, ते उगवून यावे आणि मग माती खोलवर न हलवता ते वरच्यावर कापून टाकावे, हा यातला डाव आहे. खोल मशागत केली तर खालचे बी वर येते आणि पहिल्यापासून सुरुवात होते. सेंद्रिय शेतीत तणनाशक नाही, म्हणून गाजराचे पीक पेरणीच्या आधीच अर्धे जिंकावे किंवा हरावे लागते.

१८ मे, शनिवार

बव्हेरियातील जुने शेतकरी ११ ते १५ मे हे दिवस ‘बर्फाळ संतांचे’ मानतात आणि त्यातली शेवटची ‘थंडगार सोफी’ उलटल्याशिवाय टोमॅटो बाहेर काढत नाहीत. सोफीचा दिवस बुधवारी गेला, त्यामुळे आज टोमॅटो, काकडी आणि मिरचीची रोपे प्लास्टिकगृहात कायमच्या जागी लावली. करप्याच्या भीतीने टोमॅटो येथे उघड्यावर लावतच नाहीत.

गाजर गुरुवारी पेरले. वाफ्याच्या एका टोकाला दीड-दोन हात लांबीची खिडकीची जुनी काच मातीवर आडवी ठेवलेली पाहून मी चौकशी केली, तेव्हा मुख्य बागाईतदार बाईंनी समजावून सांगितले. (जर्मनीत भाजीपाला उत्पादनाचे तीन वर्षांचे रीतसर व्यवसाय-शिक्षण असते, बाईंनी ते पुरे करून वर अनेक वर्षे शेत सांभाळले आहे.) गाजराला उगवायला दोन आठवडे लागतात, तण त्याआधी उगवते. गाजराचा कोंब मातीबाहेर येण्याच्या अगदी आदल्या दिवशी गॅसच्या ज्योतीने वाफ्यावरचे सारे हिरवे भाजून काढायचे असते. एक दिवस आधी भाजले तर काही तण मागे राहते आणि एक दिवस नंतर भाजले तर गाजरच जळते. काचेखाली माती थोडी जास्त तापते, म्हणून तेथले गाजर एक-दोन दिवस आधी उगवते. काचेखाली पहिले हिरवे दिसले की त्याच संध्याकाळी ज्योत फिरवायची. एवढ्या नाजूक वेळेचे काम एका भंगारातल्या काचेवर सोपवलेले पाहून मला फार समाधान वाटले.

८ जून, शनिवार

गेल्या शनिवारी शेतावर कोणालाही बोलावले नाही. ३१ मेपासून सुरू झालेल्या अखंड पावसाने दक्षिण जर्मनीत पूर आला. आमच्या उत्तरेला इल्म नदीने फाफेनहोफेनमध्ये आणि पार नदीने श्रोबेनहाउझेनच्या परिसरात मोठे नुकसान केले, माणसेही दगावली. आमचे शेत उंचावर असल्याने पाण्याखाली गेले नाही, मात्र खालच्या अंगाच्या वाफ्यांत चार दिवस पाणी साचून होते.

गाजराची हकीकत अशी. काचेखालचे कोंब वेळेवर दिसले, ज्योत वेळेवर फिरली आणि गाजर स्वच्छ मातीत उगवले. त्यानंतर आठवडाभरात पहिली कोळपणी व्हायची होती, म्हणजे ओळींमधले नवे तण पांढऱ्या धाग्याएवढे असतानाच चाकाच्या हातकोळप्याने ते मोडायचे होते. या अवस्थेत एक माणूस तासाभरात जेवढे आवरतो, तेवढ्याला दोन आठवड्यांनी दहा माणसे पुरत नाहीत. नेमका तो आठवडा पावसात गेला. आज ऊन आहे, माणसे भरपूर आली आहेत, पण मातीला वाफसा नाही, म्हणजे काम करता येईल इतपत ती अजून सुकलेली नाही. बुटाखाली चिखल दाबला जातो, तो वाळला की विटेसारखा होतो आणि त्यात गाजर वाकडेतिकडे वाढते. म्हणून आम्हा सगळ्यांना गाजराच्या वाफ्यांपासून दूर ठेवून प्लास्टिकगृहात टोमॅटोला दोर बांधायला आणि बगलफुटवे काढायला लावले. गाजर समोर तणात बुडत होते आणि वीस माणसे सावलीत दोर बांधत होती. कोणाचाच दोष नाही. पण शनिवार आणि वाफसा यांची गाठ पडली नाही, म्हणजे काय होते ते यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

१५ जून, शनिवार

मंगळवारी वाफसा आला आणि पगारी माणसांनी ओळींमधली कोळपणी उरकली. प्रत्यक्ष ओळीत, गाजराला चिकटून उगवलेले तण मात्र हातानेच काढावे लागते, आणि आज आम्ही दिवसभर गुडघ्यांवर बसून तेच केले. सेंद्रिय गाजराच्या हातखुरपणीला हेक्टरी शंभर ते तीनशे तास सहज लागतात असे वाचले होते, त्याचा अर्थ आज पाठीला कळला.

या शेतावरचे सर्वांत चिवट तण म्हणजे चाकवत. पानाच्या खालच्या बाजूला पिठासारखा पांढुरका थर, कोवळ्या शेंड्यावर तीच भुकटी. ओळखण्यात चूक होणे शक्य नाही. एक झाड हजारोंनी बी टाकते आणि ते बी जमिनीत कित्येक दशके जिवंत राहते, त्यामुळे येथील बागाईतदार त्याला शत्रू मानतात. मी त्यातले कोवळे शेंडे पिशवीत भरून घेतले, घरी डाळ-दाणे घालून ताकातली पातळ भाजी केली आणि पुढच्या खेपेस डब्यातून नेली. दोघातिघांनी चवीने खाल्ली. बाईंनी चव घेतली, चांगली आहे म्हणाल्या आणि तरीही एकही झाड फुलोऱ्यावर जाता कामा नये अशी ताकीद दिली.

एका कोपऱ्यात पार्सनिप या गाजरासारख्या पांढऱ्या कंदमुळाचे वाफे होते. हे पीक उगवायला तीन-चार आठवडे घेते, म्हणून ओळ कोठे आहे हे कळावे यासाठी त्यात मुळ्याचे बी मिसळून पेरतात. मुळा चार दिवसांत उगवून ओळ दाखवतो. एका उत्साही गटाने ते सारे मुळेच तण समजून उपटले. तेव्हापासून प्रत्येक वाफ्याच्या टोकाला पाटी लावण्याचे ठरले आहे आणि पाटीवर पिकाच्या नावाबरोबर ‘हात लावा’ किंवा ‘हात लावू नका’ असे लिहिले जाते.

२९ जून, शनिवार

बटाट्यावर कोलोराडो भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत : लालसर, पाठीला कुबड आलेल्या आणि कडेला काळ्या ठिपक्यांच्या दोन रांगा असलेल्या. लहान क्षेत्रावर त्या हाताने वेचून डबीत टाकता येतात आणि मुलांना हे काम फार आवडते. उरलेल्या भागावर गुरुवारी संध्याकाळी कडुनिंबापासून केलेल्या औषधाची फवारणी झाली. त्यातला अझाडिरॅक्टिन हा घटक लहान अळ्यांवर चालतो, मोठ्यांवर फारसा नाही, आणि उन्हात लवकर विघटित होतो. म्हणून वेळ संध्याकाळची. आपल्याकडे निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवून पाच टक्क्यांचा अर्क घरच्या घरी काढतात. येथे नोंदणीकृत तयार औषधच वापरावे लागते आणि प्रत्येक फवारणीची नोंद तपासणीसाठी ठेवावी लागते.

याच म्युनिकमध्ये, इझार नदीकाठच्या युरोपीय पेटंट कार्यालयात कडुनिंबाचा खटला चालला होता. निंबतेलाच्या बुरशीनाशक वापराचे पेटंट अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना १९९४ मध्ये मिळाले. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्वूट आणि सेंद्रिय शेती संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी त्यास हरकत घेतली. भारतात हे ज्ञान आधीपासूनच वापरात असल्याने त्यात नवे काही नाही, या मुद्द्यावर २००० मध्ये ते पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. शेतावरच्या मंडळींपैकी कोणालाच हे ठाऊक नव्हते. अळ्या वेचता वेचता सांगितल्यामुळे असेल, ऐकले मात्र सगळ्यांनी.

खुरपणीबाबत एक बदल. दिवस रात्री नऊपर्यंत उजेडाचा असल्याने ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातही संध्याकाळी यावे, वाफसा असेल त्या दिवशी सकाळीच निरोप पाठवला जाईल, अशी सोय सुरू झाली. एस-बान या उपनगरी गाडीने पाऊण तास आणि पुढे सायकल, एवढे करून चार-सहा माणसे येतात. मात्र कोळप्याचे काम संध्याकाळी देत नाहीत, कारण रात्रीच्या दवात मोडलेले तण पुन्हा मूळ धरते. ते काम सकाळच्या उन्हावाऱ्यासाठी राखलेले असते. संध्याकाळी हाताने उपटायचे आणि उपटलेले वाफ्याबाहेर नेऊन टाकायचे. चार माणसांची अशी एक संध्याकाळ मला वीस माणसांच्या दोन शनिवारांहून मोलाची वाटते.

२० जुलै, शनिवार

करपा आला. दमट हवा आणि ओली पाने मिळाल्यावर तो येणारच होता. यंदा तो फार लवकर आला आणि आसपासच्या सर्वच सेंद्रिय बटाट्यांवर आला. १८४५ पासून आयर्लंडमध्ये ज्याने दुष्काळ आणला तोच हा रोग. सेंद्रिय नियमांत तांब्याच्या औषधांना मुभा आहे, युरोपीय संघात सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो ही त्याची मर्यादा आहे. पण तांबे फक्त रोग लागण्याआधी उपयोगी पडते, पावसाने धुऊन जाते आणि मातीत मात्र साठून राहते. आमच्या सभासदांनी दोन वर्षांपूर्वीच तांबे न वापरण्याचा ठराव केला होता आणि यंदा त्याची किंमत मोजण्याची वेळ आली.

पानांवरचा रोग कंदात उतरू नये म्हणून सगळा पाला बुधवारी कापून टाकला. आता दोन-तीन आठवडे कंद जमिनीतच राहतील, म्हणजे त्यांची साल घट्ट होईल आणि साठवणीत ते टिकतील. बटाटे लहान राहणार. ठराव मांडणाऱ्यांपैकी काही जण आज वाफ्यापाशी गप्प उभे होते. मला व्यक्तिशः तो ठराव योग्य वाटतो, पण तोटा पेटीत दिसण्यापूर्वी घेतलेली भूमिका आणि दिसल्यानंतरची भूमिका यांत फरक पडतो का, हे हिवाळ्याच्या सभेत कळेल.

गोगलगायींनी सॅलडची दोन लावणे फस्त केली. नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपे लावली, आयर्न फॉस्फेटचे दाणे टाकले. याहून अधिक लिहिण्यासारखे नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

बटाटे काढले. यंत्र माती उलटते, माणसे मागून वेचतात आणि सडका, कापलेला व चांगला अशी निवड जागीच करतात. शनिवारच्या हातांसाठी कांदालावणीनंतरचे हे दुसरे आदर्श काम. मिळालेला माल गेल्या वर्षीपेक्षा उघडच कमी आहे. पेट्यांत बटाटा आता आठवड्याआड येईल असे सांगण्यात आले.

२८ सप्टेंबर, शनिवार

महिन्याच्या मध्यात पुन्हा थंडी आणि पाऊस आला, आल्प्सच्या उंचीवर बर्फही पडला. भोपळे त्याआधीच गोठ्याच्या माळ्यावर वाळत ठेवले होते. रिकाम्या झालेल्या वाफ्यांत राय हे गव्हासारखे धान्य आणि रानवाटाण्याच्या जातीची व्हेच ही वेल हिरवळीच्या खतासाठी पेरली. बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने मागे ठेवलेली जमीन, चांगला राहावा म्हणून पुढच्या वर्षी कोबी येथेच येणार आहे. कोबीला नत्र लागते आणि ते व्हेचच्या मुळांवरच्या गाठी पुरवतात.

१९ ऑक्टोबर, शनिवार

गाजर निघाले. ज्या वाफ्यांची ओळीतली खुरपणी जूनच्या संध्याकाळी झाली त्यांतली गाजरे सरळ आणि भरदार आहेत. खालच्या अंगाला, जेथे पाणी साचले आणि नंतर कोणी पोहोचू शकले नाही, तेथे करंगळीएवढी, दुफाट फुटलेली निघाली. दोन्ही ढीग धुण्याच्या टाकीशेजारी लागले होते, तेव्हा वेगळ्या आकडेवारीची गरज कोणालाच वाटली नाही. बाजारात दुफाट गाजर कोणी घेत नाही. आमच्याकडे तेही पेटीत जाते आणि त्याचे पैसे आधीच भरलेले असतात. माझ्या मते या पद्धतीचा खरा आधार श्रमदान नसून हा आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

लसूण लावून झाला, वाफ्यांवर पेंढ्याचे आच्छादन घातले आणि दुपारी कोठारात पुढच्या वर्षाची पूर्वतयारीची सभा झाली. मी हंगामातील कामांच्या नोंदी मांडल्या. लावणी, काढणी, निवड, दोर बांधणे, जाळ्या घालणे आणि काढणे ही कामे शनिवारी उत्तम होतात. पेरणी, कोळपणी, ज्योत फिरवणे, फवारणी आणि थंडीपासूनचे संरक्षण ही कामे हवामान सांगेल त्या दिवशी, जाणत्या माणसानेच करायची असतात. ओळीतली खुरपणी या दोहोंच्या मध्ये बसते आणि तिच्यावरच गाजर, कांदा आणि बीट यांचे भवितव्य ठरते.

काही सभासदांनी, जे शेतावर येतात त्यांची वर्गणी कमी करावी अशी सूचना केली. मी तिला विरोध केला. ज्या परिचारिकेची शनिवारी कामाची पाळी असते किंवा ज्याला गुडघ्यावर बसता येत नाही, त्याने आमच्या हौसेचे पैसे का भरावेत? शिवाय एकदा श्रमाला दर लावला की आम्हा नवख्यांच्या तासाची तुलना पगारी कामगाराच्या तासाशी करावी लागेल आणि ती आम्हाला परवडणार नाही. सूचना बहुमताने फेटाळली गेली. तांब्याचा ठराव थोड्या मतांनी का होईना, कायम राहिला. त्याऐवजी करप्याला अधिक बळी पडणाऱ्या बटाट्याच्या दोन जाती बाद करून प्रतिकारक्षम जाती घेण्याचे ठरले.

मे ते जुलै या तीन महिन्यांसाठी एक हंगामी कामगार अर्धवेळ ठेवावा, त्याने फक्त सकाळची कोळपणी आणि खुरपणी पाहावी, हा बाईंचा प्रस्ताव मंजूर झाला. जानेवारीपासून किमान वेतन तासाला १२.४१ वरून १२.८२ युरो होणार असल्याने तो हिशेब नव्या दराने धरला आहे आणि त्यापोटी प्रत्येक वाट्याला महिन्याकाठी थोडी वाढ सुचवली आहे. गाजराची पेरणी एकाच वेळी न करता तीन आठवड्यांच्या अंतराने दोन भागांत होईल आणि खालच्या अंगाच्या वाफ्यांत गाजराऐवजी लीक जाईल, कारण लीकची रोपे खोल सरीत लावून नंतर मातीची भर दिली की तण आपोआप गाडले जाते. संध्याकाळच्या खुरपणीचे निरोप पाठवण्याचे काम पुढच्या हंगामात माझ्याकडे आले आहे. चिठ्ठ्यांची फेरी जानेवारीच्या अखेरीस होईल.